फिस्क, किलग्रेव्ह की होमलँडर: आधी कोणाची मालिका लावाल?

सुपरहिरोची मालिका निवडताना नायकाकडे बघून फारसं काही हाती लागत नाही. तो शेवटी उभा राहणार, हे पहिल्या भागाआधीच ठाऊक असतं. रात्री दीड वाजता 'अजून एकच भाग' असं वाटायला लावतो तो खलनायक. त्यामुळे 'डेअरडेव्हिल', 'जेसिका जोन्स' आणि 'द बॉइज' यांपैकी आधी काय लावावं अशा पेचात असाल, तर विल्सन फिस्क, किलग्रेव्ह आणि होमलँडर या तिघांकडे बघा. प्रेक्षकांनी त्यांना कसं घेतलं, तेही बघा. (मोठे धक्के फोडत नाही, पण थोडंफार कळेलच.)

आपल्यापैकी बऱ्याच जणांचा पहिला टीव्ही-खलनायक म्हणजे १९९७ पासून दूरदर्शनवर 'अंधेरा कायम रहे' म्हणणारा तमराज किल्विष. त्याला अंधार का हवा आहे, हे आपण कधी विचारलं नाही आणि मालिकेलाही ते सांगायची फार घाई नव्हती. या तिघांच्या बाबतीत मात्र सगळी मजा त्या 'का'मध्येच आहे.

'डेअरडेव्हिल'चा पहिला सीझन एप्रिल २०१५ मध्ये नेटफ्लिक्सवर आला, १३ भागांचा. न्यूयॉर्कच्या गुन्हेगारांचा म्होरक्या असलेला फिस्क सुरुवातीला दिसतच नाही. त्याची माणसं त्याचं नावही तोंडातून काढत नाहीत. तिसऱ्या भागाच्या शेवटी तो समोर येतो तो एका आर्ट गॅलरीत, जवळपास नुसत्या पांढऱ्या रंगाच्या चित्रापुढे उभा. गॅलरीत काम करणारी व्हेनेसा विचारते, हे बघून काय वाटतं? तो म्हणतो, एकटं वाटतं. पुढच्याच भागात, तिच्यासमोर आपली शोभा झाली म्हणून, तो एका माणसाचं डोकं गाडीच्या दारात ठेचतो. व्हिन्सेंट डी'ओनोफ्रियोने हा माणूस असा उभा केलाय की, प्रत्येक शब्द त्याला घशातून ओढून काढावा लागतो असं वाटतं. प्रेक्षकांची प्रतिक्रियाही तशीच दुहेरी होती. फिस्क आणि व्हेनेसाच्या प्रेमात लोक इतके गुंतले की नायकाचे प्रसंग मागे पडले. मग सीझनच्या शेवटाकडे फिस्क एका भल्या माणसाला स्वतःच्या हातांनी मारतो आणि तेच लोक चिडले. त्यातला बराच राग मालिकाकर्त्यांवर होता: इतकं चांगलं पात्र इतक्या लवकर का घालवलंत?

या मालिकेबाबत आणखी एक प्रतिक्रिया उमटली होती, खलनायकाशी संबंध नसलेली. नायक आंधळा, पण मालिका आली तेव्हा अंध प्रेक्षकांसाठी दृश्यांचं बोलून वर्णन करणारा ऑडिओ ट्रॅकच नव्हता. त्यांनी आवाज उठवला आणि त्याच महिन्यात नेटफ्लिक्सला तो द्यावा लागला.

दुसऱ्या सीझनमध्ये फिस्क अगदी थोडा आहे. गुन्हेगारांना स्वतःच ठार मारत सुटलेल्या पनिशरचा भाग दमदार, निंजांचा नुसता लांबवलेला. तिसरा सीझन (ऑक्टोबर २०१८) मात्र पहिल्याच्याही वर जातो. इथे फिस्क फारसा हात उगारत नाही. एफबीआयची माणसं, त्यांची कर्जं, त्यांची आजारपणं यांच्या दोऱ्या ओढत राहतो. दीड महिन्याच्या आतच नेटफ्लिक्सने मालिका बंद केली, चाहत्यांनी 'सेव्ह डेअरडेव्हिल' म्हणून मोहीम उघडली, आणि २०२५ मध्ये डिस्नेवर 'बॉर्न अगेन' ही पुढची मालिका आली.

'द बॉइज'चं प्रकरण वेगळं, आणि प्रतिक्रियांच्या दृष्टीने सगळ्यात मजेशीर. जुलै २०१९ पासून प्राइम व्हिडिओवर. होमलँडर हा अमेरिकेच्या झेंड्याची केप घालणारा, डोळ्यांतून किरण सोडणारा, आणि सुपरहिरोंचा धंदा करणाऱ्या व्हॉट नावाच्या कंपनीचा सगळ्यात महागडा माल. पहिल्याच सीझनमधला विमानाचा प्रसंग बघा: प्रवासी वाचवायला गेलेला हा माणूस आपल्याच चुकीनंतर ज्या थंडपणे काढता पाय घेतो, तिथे बहुतेक प्रेक्षकांच्या मनात त्याचा निकाल लागतो. म्हणजे लागायला हवा. अँटनी स्टारच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहतं आणि फक्त डोळ्यांखालचा एक स्नायू हलतो. तो हलला की कुणीतरी मरणार असं प्रेक्षक शिकले आणि पुढे त्यावर हसूही लागले. त्याच्या मुद्रांचे मीम सगळीकडे पसरले.

हसता हसता एक गट त्याच्या बाजूनेच उभा राहिला. होमलँडर बरोबर बोलतोय, तो मजबूत आहे, बाकीचे रडके, असं मनापासून म्हणणारे प्रेक्षक. मालिकेचे कर्ते एरिक क्रिप्की यांनी तो डोनाल्ड ट्रम्पवर बेतलेला असल्याचं मुलाखतींत उघड सांगितलं, तेव्हा यातल्या काहींना आपली टिंगल चालली आहे हे उमगलं. २०२४ चा चौथा सीझन आला तेव्हा प्रेक्षकांचं रेटिंग समीक्षकांपेक्षा कितीतरी खाली गेलं. त्यात रागावलेले होते तसेच, कथा जागच्या जागी फिरते असं म्हणणारेही होते; या दुसऱ्यांचं म्हणणं मला पटतं. कमी रेटिंग बघून मालिका सोडायची असेल तर एवढंही लक्षात घ्या की, २०२० मध्ये दुसऱ्या सीझनला एकेक तारा देणाऱ्यांची मुख्य तक्रार कथेबद्दल नव्हतीच. सगळे भाग एकदम न देता आठवड्याला एक दिला, म्हणून ते खवळले होते.

तिसऱ्या सीझनच्या अखेरीस होमलँडर भर गर्दीत एक गुन्हा करतो. क्षणभर सगळे गप्प, आणि मग टाळ्या. ते दृश्य मला या सगळ्या वादापेक्षा जास्त बोलकं वाटतं, कारण ते पडद्याबाहेरच्या गर्दीबद्दलही आहे.

किलग्रेव्हबद्दल थोडक्यात, कारण तो थोडक्यातच बघायचा आहे. 'जेसिका जोन्स', नोव्हेंबर २०१५, पहिला सीझन. हा माणूस सांगेल ते समोरच्याला करावंच लागतं. ना त्याला शहर ताब्यात घ्यायचंय, ना जग; त्याला फक्त एक बाई, म्हणजे नायिका जेसिका, परत हवी आहे. 'मी तिच्यावर प्रेम करतो' हे तो खरं मानून बोलतो, हीच भीती. डेव्हिड टेनंटला 'डॉक्टर हू'मधून ओळखणाऱ्यांची पंचाईत झाली: आवडता, गोड नट, आणि त्याच गोडव्याने अंगावर काटा. सतावणाऱ्या नवऱ्याची किंवा प्रियकराची भाषा अनेक बायकांनी त्याच्या वाक्यांत लगेच ओळखली. बलात्काराचं दृश्य एकदाही न दाखवता मालिका त्याचे परिणाम दाखवते, याचं कौतुक झालं. त्या सीझनला अमेरिकेतला मानाचा पीबडी पुरस्कारही मिळाला. पुढच्या सीझनांत त्याच्या तोलाचा खलनायक नाही, अशी तक्रार तेव्हापासून आहे आणि ती रास्त आहे. पहिला सीझन बघून थांबलात तरी काही बिघडत नाही.

मग निवड कशी करायची? घरच्यांसोबत हॉलमध्ये बघायचं असेल तर 'द बॉइज'चा विचारच सोडा; रक्त, नग्नता आणि शिव्या यांचं प्रमाण असं आहे की रिमोट हातात धरूनच बसावं लागेल. 'डेअरडेव्हिल'मध्येही मारामारी रक्तबंबाळ आहे, पण ती निदान मारामारी आहे. छळाच्या नात्यातून स्वतः गेलेल्या कुणासोबत किलग्रेव्ह बघणार असाल, तर आधी विचारून घ्या. राजकारणावरचा उपहास आणि काळा विनोद हवा असेल तर होमलँडर; पहिले तीन सीझन बघा, मग बघू. वेळेचा हिशेब करणाऱ्यांना तो सोयीचाही पडेल, कारण सीझनमागे आठच भाग आहेत.

माझं मत विचाराल तर फिस्कपासून सुरुवात करा. होमलँडरला पहिल्या भागात ओळखता येतं, पुढे तो फक्त मोठा होत जातो. फिस्कबद्दलचं आपलं मत दर दोन भागांनी बदलतं आणि तिसऱ्या सीझनमध्ये तर आपण त्याच्या चालींवर मनातल्या मनात खूश होतोय हे लक्षात येऊन ओशाळायला होतं. फक्त थेट 'बॉर्न अगेन' लावू नका. त्यात फिस्क न्यूयॉर्कचा महापौर होतो. गाडीच्या दाराचा प्रसंग पाहिलेला नसेल तर तो नुसता सूटबूटातला एक जाडजूड पुढारी वाटेल.