अर्थ दिला, बोलणारा गाळला: खिशात मावणारा लॅटिन वचनकोश

एका बाजूला लॅटिन वाक्प्रचार आणि म्हणी, दुसऱ्या बाजूला त्यांचे इंग्रजी अर्थ, अशा साच्याचे छोटे कोश बरेच निघाले आहेत. मी वापरते त्याचं नाव मुद्दामच देत नाही. मुखपृष्ठावरचा शिरस्त्राण घातलेला रोमन शिपाई बाजूला ठेवला, तर या कोशांत डावं-उजवं करण्यासारखं फार थोडं उरतं. पुढे ज्या कुरबुरी केल्या आहेत त्या त्याच्या भावंडांनाही लागू पडतील.

माझा धंदा भाषांतराचा. करारनामे, निकालपत्रं, मृत्युपत्रं. इंग्रजी मजकूर सरळ चाललेला असतो आणि मध्येच तिरक्या टायपात लॅटिन उगवतं: प्रायमा फेसी (प्रथमदर्शनी), म्युटाटिस म्युटांडिस, पारी पासु (समान प्रमाणात). यातलं नेहमीचं पाठ असतं, पण एखादे न्यायमूर्ती रंगात आले की थेट होरेस या रोमन कवीपर्यंत पोचतात. अशा वेळी इंटरनेटवर शोधावं तर एकच चुकीचा अर्थ पन्नास ठिकाणी सापडतो, आणि पन्नास ठिकाणी दिसला म्हणून खराही वाटायला लागतो. म्हणून छापील कोश हाताशी ठेवला. त्या कामाला तो निम्मा पुरतो.

पुरतो तो भाग आधी सांगते. प्रत्येक वचनाखाली दोन ओळी आहेत. पहिलीत शब्दशः अर्थ, दुसरीत इंग्रजीत ते कशासाठी वापरतात ते. ही पद्धत फार सोयीची आहे, कारण नुसता शब्दार्थ पुष्कळदा बुचकळ्यात टाकतो. 'म्युटाटिस म्युटांडिस'चा शब्दार्थ 'बदलायच्या गोष्टी बदलून' असा; करारात त्याचं काम 'आवश्यक त्या फेरफारांसह'. दोन्ही समोर असले की भाषांतर करणाऱ्याचा हात अडत नाही. बांधणी मजबूत आहे, पुस्तक टेबलावर उघडं टाकलं तर उघडंच राहतं. टाइप बारीक आहे, पण तिरका आणि सरळ यांतला फरक डोळ्यांना लगेच कळतो.

सगळ्यात उपयोगी भाग मात्र शेवटच्या पानांत दडवून ठेवलाय: संक्षेपांचा. आय. ई. म्हणजे 'इद एस्त', अर्थात 'म्हणजे', ई. जी. म्हणजे 'एक्सेंप्ली ग्रातिआ', अर्थात 'उदाहरणार्थ'. करारात या दोघांची अदलाबदल झाली तर प्रकरण महागात जातं. 'वाहने, ई. जी. ट्रक व टेम्पो' असं लिहिलं तर मोटारसायकलही त्यात येते, आय. ई. लिहिलं तर ती बाहेर राहते. हा फरक कोशाने नेमका मांडलाय. 'एट अल.'मध्ये (म्हणजे 'आणि इतर') 'एट'पुढे टिंब का नसतं (तो पूर्ण शब्द आहे, 'आणि'), अँपरसँडची (&) खूण म्हणजे त्याच ई आणि टीची गाठ कशी, आणि 'व्हिज.'मधला (म्हणजे 'अर्थात') झेड मुळात अक्षरच नसून मध्ययुगीन लेखनिकांची शब्द आखडण्याची खूण कशी, हेही आहे. ज्याने कोणी ही पानं लिहिली त्याला बाकीचा कोशही लिहायला द्यायला हवा होता.

उच्चारांपाशी पहिला खडा लागतो. कोश अभिजात उच्चार देतो, म्हणजे रोमन वक्ता सिसेरो याच्या काळचे. सी नेहमी 'क', व्ही हा डब्ल्यूसारखा. त्या हिशोबाने सिसेरोचा किकेरो होतो, सीझरचा कैसर, आणि 'वेनी, वीदी, वीची'चं (आलो, पाहिलं, जिंकलं) 'वेनी, वीदी, वीकी'. अभ्यासाच्या दृष्टीने यात काही चूक नाही. 'वीची' हा चर्चमधल्या लॅटिनचा, इटालियन वळणाचा उच्चार. पण कोर्टातलं लॅटिन तिसरंच असतं. शतकानुशतकं इंग्रजांच्या तोंडात घोळून त्याचा पार वेगळा आकार झालाय. हा कोश पाठ करून एखाद्या होतकरू वकिलाने 'प्रीमा फाकिए' केस असल्याचं सांगितलं, किंवा सुनावणी 'सीने दिए', म्हणजे बेमुदत, तहकूब करा म्हटलं, तर समोरच्यांना वाटायचं साहेबांची तब्येत बरी नाही. तिथे प्रायमा फेसी आणि साइने डायच म्हणावं लागतं. वचनागणिक आणखी एक ओळ दिली असती तर काम भागलं असतं. तेवढ्यात एक चांगलं केलंय: वर्तमानपत्रांतला 'सुओ मोटो' (स्वतःहून) इथे 'सुओ मोतू' असा सापडतो, आणि तोच बरोबर आहे.

आता खरी तक्रार. हा कोश वचन देतो, अर्थ देतो आणि बोलणाऱ्याला गाळतो. कोण, कुणाला, कशावरून म्हणालं याचा पत्ता नाही. कुणी म्हणेल, म्हणीला कशाला हवा धनी? पण लॅटिन वचनं आपल्या ओव्या-म्हणींसारखी बिनधन्याची नाहीत. त्यातली पुष्कळशी कुठल्या तरी नाटकातून, उपरोधिक कवितेतून, पत्रातून उचललेली तुकडेवजा वाक्यं आहेत, आणि मूळ जागी त्यांचा सूर भलताच असतो.

'नोन स्कोलाए सेद वीताए दिस्किमुस' घ्या. आपण शाळेसाठी नव्हे, आयुष्यासाठी शिकतो. शाळांच्या भिंतींवर हे वाक्य अभिमानाने झळकतं. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाच्या 106 व्या पत्रात ते नेमकं उलटं आहे: 'नोन वीताए सेद स्कोलाए दिस्किमुस', आपण आयुष्यासाठी नाही, शाळेसाठी शिकतो. ती त्याची तक्रार होती, तत्त्वज्ञानाच्या नावाखाली चाललेल्या निरर्थक काथ्याकुटाबद्दल. पुढच्यांनी शब्दांची जागा बदलली आणि तक्रारीचं ब्रीदवाक्य झालं. कोशात फक्त सुधारून घेतलेलं रूप आहे. सेनेकाचं नावही नाही.

'मेन्स साना इन कॉर्पोरे सानो'चंही तसंच. निरोगी शरीरात निरोगी मन. व्यायामशाळांनी याचा अर्थ 'शरीर कमवा म्हणजे मन आपोआप सुधारेल' असा लावून घेतलाय, आणि कोशही तीच री ओढतो. रोमन कवी ज्युव्हेनालच्या दहाव्या उपरोधिकेत (उपहासपर कवितेत) आधी माणसं देवाकडे काय काय वेडगळ मागणी करतात त्याची लांबलचक यादी आहे: सत्ता, संपत्ती, दीर्घायुष्य, रूप. मग तो म्हणतो, मागायचंच असेल तर निरोगी शरीरात निरोगी मन मागा. 'ओरांदुम एस्त', प्रार्थना करावी, हे शब्दच छाटले गेले. जाता जाता, 'मेन्स'ऐवजी 'आनिमा' घालून आद्याक्षरं जोडली की ॲसिक्स हे बुटांच्या कंपनीचं नाव तयार होतं. ही गंमतसुद्धा कोशात नाही, आणि अशा पुस्तकात अशा गमती नसतील तर कुठे असायच्या?

'होमो सुम, हुमानी निहिल आ मे आलिएनुम पुतो': मी माणूस आहे, माणसाचं काहीच मला परकं नाही. कोशाने याला मानवतावादाचं उदात्त वचन म्हटलंय. रोमन नाटककार टेरेन्सच्या इ. स. पू. 163 मधल्या नाटकात हे वाक्य क्रेमेस नावाच्या चोंबड्या शेजाऱ्याच्या तोंडी आहे. शेतात राबणाऱ्या मेनेदेमुसला तो खोदखोदून विचारतो, तेव्हा मेनेदेमुस म्हणतो, स्वतःची कामं संपली का तुझी, की दुसऱ्यांच्यात नाक खुपसतोस? त्यावर हे उत्तर. उदात्त अर्थ नंतर चढला, आणि तो चढला याला माझी हरकत नाही. पण चोंबड्या क्रेमेसला कोशातून हद्दपार कशाला करायचं? तो होता म्हणून तर वाक्य लक्षात राहतं.

'क्विस कुस्तोदिएत इप्सोस कुस्तोदेस', राखणदारांवर राखण कोण करणार? आज हे सरकारी यंत्रणांच्या संदर्भात म्हटलं जातं. ज्युव्हेनालने ते बायकांवर पाळत ठेवणाऱ्या नवऱ्यांना उद्देशून लिहिलं: पहारेकरी नेमाल, पण बाई हुशार असते, ती आधी पहारेकऱ्यालाच फितवते. निकालपत्रात हे वचन गंभीरपणे वापरलेलं दिसलं की मी भाषांतर गंभीरच करते, पण मनात हसू येतं.

आणि 'फोर्तेस फोर्तूना युवात', शूरांना दैव साथ देतं. कोशात पुढे लिहिलंय, प्रोत्साहनपर. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियस पेटला तेव्हा रोमन आरमारप्रमुख थोरला प्लिनी जहाजं घेऊन माणसं सोडवायला निघाला. वरून राख आणि दगड पडत होते, सुकाणूवाला म्हणाला मागे फिरू या. त्यावर प्लिनी हे वाक्य बोलला आणि पुढे गेला. त्याच मोहिमेत किनाऱ्यावर त्याचा अंत झाला. भाच्याने पत्रात हे सगळं लिहून ठेवलंय. रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यातही अशाच शब्दांची ओळ नायकाचा शत्रू तुर्नुस याच्या तोंडी आहे, आणि काव्याच्या शेवटी तुर्नुस मारला जातो. हे एका ओळीत सांगता आलं असतं. मग 'प्रोत्साहनपर' हा शब्द लिहिताना संपादकाने निदान खोकलं तरी असतं.

माझ्या धंद्यातलं उदाहरणही देते. 'हेबियस कॉर्पस'पुढे कोशात इतकंच: तुझ्याकडे शरीर असावं. नवख्या वाचकाने यातून काय घ्यायचं? हा हुकूम आहे, तो न्यायालय देतं, आणि तो कैद्याला नव्हे, त्याला डांबून ठेवणाऱ्याला असतो: अमुक माणसाला प्रत्यक्ष आमच्यापुढे हजर कर. बंदिप्रत्यक्षीकरण हा आपला शब्द यापेक्षा कितीतरी बोलका आहे. बोलणारा आणि ऐकणारा कळला की ते विचित्र शब्द सरळ होतात.

वर्णानुक्रमाबद्दल थोडंसं. कोश लॅटिनच्या पहिल्या शब्दाने लावलाय, आणि इंग्रजीकडून शोधायची सूची नाही. म्हणजे 'घाई करा पण सावकाश' याला लॅटिन काय म्हणतात हे हवं असेल तर 'फेस्तिना लेन्ते' आधीच ठाऊक असायला हवं, आणि ते ठाऊक असेल तर कोश कशाला उघडायचा? याच क्रमापायी 'आब ओवो' पहिल्या पानावर आणि 'इन मेदियास रेस' खूप पुढे गेलंय. होरेसच्या काव्यशास्त्रावरच्या पद्यपत्रात ही दोन्ही लागोपाठच्या ओळींत आहेत: चांगला कवी ट्रोयच्या युद्धाची गोष्ट अंड्यापासून (ज्यातून हेलेन जन्मली त्या) सुरू करत नाही, थेट मध्यात उडी घेतो. दोन्ही मिळून एकच विचार आहे. कोशाने तो चिरून दोन कप्प्यांत ठेवला आणि 'तिकडेही पाहा' एवढंही लिहिलं नाही.

काळाचं भान तर नाहीच. सगळं लॅटिन जणू एकाच दिवशी एकाच चौकात बोललं गेलं. 'कोगितो एर्गो सुम' (मी विचार करतो, म्हणून मी आहे) ज्युव्हेनालच्या शेजारी बसलंय. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने ते 1637 मध्ये फ्रेंचमध्ये लिहिलं आणि लॅटिनमध्ये त्या रूपात 1644 मध्ये. 'एत तू, ब्रूते' (ब्रूटस, तूसुद्धा?) सीझरच्या नावावर आहे. ते शेक्सपिअरने प्रसिद्ध केलं, आणि रोमन चरित्रकार स्वेतोनियसने ऐकीव म्हणून जे शब्द नोंदवले ते ग्रीक आहेत. कहर म्हणजे 'इल्लेगितिमी नोन कार्बोरुंदुम'सुद्धा ('हरामखोरांना तुला झिजवू देऊ नकोस' अशा अर्थाने) गंभीर चेहऱ्याने छापलंय. ते विसाव्या शतकातलं थट्टेचं लॅटिन आहे. कार्बोरंडम हे घासकामाच्या पदार्थाचं व्यापारी नाव, शेवट लॅटिनसारखा वाटतो म्हणून खपलं.

संस्कृत थोडंफार केलेल्यांना आणखी एक चुटपुट लागेल. 'एस्त' आणि अस्ति, 'सुन्त' आणि सन्ति ही जोडी ओळखीची वाटते, विभक्तीही चालतात, पण कोश व्याकरणाला शिवतच नाही. 'होमो होमिनी लुपुस'मध्ये 'होमिनी' ही चतुर्थी आहे एवढं कळलं की 'माणूस माणसाला लांडगा' हे जागच्या जागी बसतं. रोमन नाटककार प्लाउतुसच्या नाटकात याला शेपूटही आहे: समोरचा कसा आहे हे ठाऊक नसतं तेव्हा. अनोळखी माणसाच्या हाती पैसे द्यायला नकार देणारा व्यापारी ते बोलतो. मानवजातीबद्दलचा सिद्धान्त वगैरे काही नाही, उधारी बंद आहे एवढंच.

तर घ्यावा का? इंग्रजी वाचताना अडलेला शब्द पटकन पाहायचा असेल, संक्षेपांचा घोळ मिटवायचा असेल, तर जरूर घ्या; त्या कामात हा मला अजून दगा देत नाही. भाषणात किंवा लेखात वचन पेरायला म्हणून घेत असाल तर थांबा. दुकानात उभ्या उभ्या तीन नोंदी काढून पाहा: शाळा-आयुष्याची, शूर-दैवाची आणि 'होमो सुम'ची. सेनेका, प्लिनी, टेरेन्स ही नावं दिसली तर तो कोश माझ्याकडच्यापेक्षा चांगला आहे, आणि त्याचं नाव मला नक्की कळवा.