हाफ मॅरेथॉनच्या तयारीसाठी घेतलेलं जीपीएस घड्याळ : कोल्हापूरच्या थंडीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

घड्याळ साधं आहे. १० हजारांच्या आतलं, टचस्क्रीन नसलेलं, मनगटावरच ठोके मोजणारं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली जे गुणदोष येतील ते एका कंपनीपेक्षा या तंत्राचेच जास्त आहेत.

मी पुण्यात शिकते. डिसेंबरात सेमिस्टरची परीक्षा संपली की सुट्टीला घरी, कोल्हापूरला. फेब्रुवारीतल्या एका हाफसाठी नाव नोंदवलं होतं. १० किलोमीटर आधीपासून जमत होते, म्हणून सुट्टीत रविवारचं लांब अंतर थोडं थोडं वाढवत १६-१७ पर्यंत न्यायचं ठरवलं. पळायची सवयच नसेल तर एका सुट्टीत २१ किलोमीटरची तयारी होत नाही, आणि कोणतंही घड्याळ ती करून देत नाही.

या घड्याळानं मला हळू पळायला लावलं, आणि माझ्या मते तेवढ्यासाठीही ते घेण्यासारखं आहे. हिवाळ्यात पहाटे इथल्या शिवाजी विद्यापीठाच्या रस्त्यांवर भरतीची पोरं-पोरी असतात. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळायचं असतं, त्यामुळे सगळे सुसाट. ती बाजूनं गेली की आपलेही पाय आपोआप उचलले जातात. पण हाफची तयारी बहुतेक आरामात, बोलत पळता येईल अशा वेगानं व्हावी लागते. मी १५० ठोक्यांवर अलर्ट लावला. २२० वजा वय या हिशेबानं विशीत कमाल २०० धरली, त्याचे पाऊण. हे सूत्र सरासरीचं आहे, एखाद्याचा खरा आकडा दहा-बारा ठोक्यांनी इकडे-तिकडे असू शकतो, तरी सुरुवातीला पुरतं. मनगट थरथरलं की वेग कमी करायचा. "ताई, एवढं सावकाश कशाला?" असं एका पोरीनं विचारलं, तेव्हा तिला सांगितलं, "तुझं ८०० मीटर, माझं २१ किलोमीटर." पुढं ती रोज हात करायची.

आता ठोक्यांबद्दल सविस्तर, कारण इथंच लोक फसतात. सेन्सर हिरवा प्रकाश त्वचेत सोडतो आणि रक्ताच्या लाटेनुसार परत येणाऱ्या प्रकाशातला फरक मोजतो. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि ही लाट क्षीण होते. रंकाळा तलावावर पहाटेचं वारं असताना मी गप्पा मारत पळतेय आणि घड्याळ १६८ दाखवतंय, असं बऱ्याचदा झालं. मानेवर बोटं ठेवून १५ सेकंद मोजून चारनं गुणलं तर आकडा बराच कमी. ते १६८ म्हणजे माझी मिनिटाची पावलं होती! ठोक्यांचा माग सुटला की घड्याळ हाताच्या झोक्याची लय पकडतं. उपाय सोपे आहेत : मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, पट्टा घट्ट, वर पूर्ण बाहीचा टीशर्ट, आणि पहिली दहा मिनिटं आकड्याकडे बघायचंच नाही. एवढं केल्यावर जानेवारीत तक्रार जवळपास मिटली.

जीपीएस रंकाळ्याभोवती, मोकळ्या आभाळाखाली छान चालतं. महाद्वार रोडच्या बोळांत मात्र रेघ घरांच्या भिंतींतून जाते आणि वेगाचा आकडा उड्या मारतो. निघण्याआधी उघड्यावर उभं राहून सिग्नल पक्का होऊ द्या.

जोतिबाच्या डोंगराचा चढ ही माझी आवडती जागा. तिथं वेग बघण्यात अर्थ नाही. तेवढेच ठोके राखून चढलं की सपाटीपेक्षा किलोमीटरला दोन-दोन मिनिटं जास्त लागतात, आणि ते बरोबरच आहे. इथं मात्र घड्याळ कमी पडतं. हवेच्या दाबावरून उंची सांगणारा बॅरोमीटर नसल्यानं उंची जीपीएसवरून काढतं आणि तोच आकडा जीपीएसचा सगळ्यात कच्चा. एकाच चढाची उंची दर वेळी वेगळी.

एक गोष्ट घड्याळाबाहेरची, पण कोल्हापुरात हिवाळ्यात पळणाऱ्यानं लक्षात ठेवायलाच हवी. तेव्हा उसाचा हंगाम असतो. शहराबाहेर पडलं की दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, कित्येकांना मागं रिफ्लेक्टर नाही, आणि डिसेंबरअखेर उजाडायला सात वाजतात. चमकणारं जाकीट घाला, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं पळा, कानात काही घालू नका. लांब अंतराच्या दिवशी पप्पा मोपेडवरून मागं असायचे. परत येताना गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध त्यांच्याच आग्रहानं.

शर्यतीच्या दिवशी कळलेली गोष्ट सगळ्यात कामाची. हाफचं अंतर २१.०९७५ किलोमीटर, आणि मार्ग मोजतात तो वळणांच्या आतल्या कडेनं, कमीत कमी अंतराचा. आपण गर्दीतून इकडे-तिकडे होत पळतो, म्हणून घड्याळात अंतर थोडं जास्तच भरतं. माझं घड्याळ प्रत्येक किलोमीटर पाटी येण्याआधीच वाजत होतं आणि हा फरक वाढत गेला. दोन तासांत संपवायचं असेल तर किलोमीटरला ५:४१ (५ मिनिटं ४१ सेकंद) लागतात, पण घड्याळावर ५:४१ राखणारा शेवटी दोन तासांच्या पुढं जातो. ऑटो लॅप, म्हणजे दर किलोमीटरला आपोआप वेळ नोंदवणारी सोय, बंद ठेवून पाटीपाशी स्वतः बटण दाबायचं. माझं लक्ष्य सव्वादोन तासांचं होतं, म्हणजे ६:२४. पाटीवरून हिशेब ठेवला आणि ते गाठलं.

पावसाळ्यात बटणांचं महत्त्व कळलं. आपल्याकडचा पाऊस सुरू झाल्यावर मैत्रिणीची टचस्क्रीन थेंबांनीच पानं बदलत होती, माझं घड्याळ नीट चाललं. पट्टा मात्र रोज साध्या पाण्यानं धुवून कोरडा करा, नाहीतर घामानं पुरळ उठतं. पन्हाळा-जोतिबाच्या बाजूला नेहमी चढ करणार असाल तर थोडे जास्त पैसे घालून बॅरोमीटरवालं घ्या. रंकाळा आणि विद्यापीठ एवढंच पळणं असेल तर हे भरपूर झालं.