जुन्या थाटाचं लग्न: आजीच्या पेटीतून की डेकोरेटरकडून?

डेकोरेटर ग्रामोफोन, कंदील, जुनी सायकल भाड्याने आणतो आणि एका दिवसात लॉनवर सगळं उभं करतो. वेळ वाचतो. पण तोच ग्रामोफोन पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या मांडवात दिसतो.

घरच्या वस्तूंचं तसं नसतं. आजीची करवती काठाची टसर साडी घ्या. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी, आपल्या विदर्भाचंच विणकाम. साडी विरली असेल तर नेसू नका, काठ कापून अंतरपाटाला लावा. सोबत भंडाऱ्याची पितळी भांडी, आजोबांच्या लग्नाचा कृष्णधवल फोटो. मुंडावळ्या घरीच ओवता येतात. रुखवतातलं मण्यांचं तोरण, क्रोशाचे रुमाल मावशी-काकूंवर सोपवा. दिवाळीपासून बसलं तर घाई होत नाही.

लग्न मे महिन्यात असेल तर नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो आणि मोगरा दुपारीच मलूल होतो. तेव्हा कापडी फुलंच बरी. मंडप, दिवे, कूलर मात्र खुशाल भाड्याने घ्या.

रुखवत मी कधीच भाड्याने आणणार नाही. चुलत बहिणीच्या लग्नात पाहुणे सगळ्यात जास्त तिथेच रेंगाळले, आणि आत्या प्रत्येकाला सांगत होती, हा रुमाल माझा.