पाइपाला लावायचं 'क्षारनाशक' यंत्र घेऊ नका

ज्यांचं बोअरचं पाणी मचूळ आहे आणि त्यावर टोमॅटो आहे, त्यांनी हे जरूर वाचा.

आमची जमीन प्रवरेच्या कालव्याखाली. आवर्तन संपलं की बोअरशिवाय पर्याय नाही. फेब्रुवारीत सव्वा एकर टोमॅटो नुकता बांबू-तारेवर चढत होता, तेव्हा एक जण जीप घेऊन वस्तीवर आला. मोटरीच्या पाइपाला बाहेरून चुंबकाचं यंत्र लावलं की क्षार फुटतात, पाणी गोड होतं, म्हणाला. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचं मीटर काढून दाखवलं: यंत्राआधी २१००, यंत्रानंतर ६००. आकडा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आणि २८ हजार मोजले. दुसरा ग्लास त्याने स्वतः भरून आणला होता. तो कुठून भरला, हे मी पाहिलंच नाही.

एप्रिलमध्ये खालच्या पानांच्या कडा करपल्या. दुकानदाराने करप्याचं औषध दिलं, दोन फवारण्या वाया गेल्या. मल्चिंगचा कागद (वाफ्यावर अंथरलेलं प्लास्टिक) उचलला तर ड्रिपरभोवती ओल होती आणि ओलीच्या कडेला पांढरी खपली. ओल असूनही झाडं दुपारी माना टाकत होती. मातीतल्या पाण्यात मीठ वाढलं की मुळांना ते ओढता येत नाही, आणि पाण्याबरोबर येणारं कॅल्शियमही फळापर्यंत पुरेसं पोहोचत नाही. मग फळाचं बूड काळं पडतं. तिसऱ्या तोड्याच्या ६० क्रेटपैकी २२ क्रेट आम्ही बांधावर ओतले. आईने एकेक फळ उलटं करून पाहिलं, काही तरी विकण्यासारखं निघेल म्हणून.

मेहुणा फिल्टर बसवण्याचं काम करतो. त्याने यंत्राच्या अलीकडचं आणि पलीकडचं पाणी आमच्यासमोर मोजलं. दोन्हीकडे २१००.

पाण्यात विरघळलेलं मीठ चुंबकाने जात नाही. ते काढायला आरओ लागतो, आणि तो शेताला परवडत नाही. २१०० टीडीएस म्हणजे ईसी (क्षारांचं प्रमाण दाखवणारी विद्युत वाहकता) साधारण ३.३. टोमॅटो मातीची ईसी २.५ पर्यंत सोसतो, त्यापुढे दर एककाला सुमारे १० टक्के उत्पन्न घटतं. असं पाणी देत राहिलं की मातीची ईसी पाण्याच्याही वर जाते. जमीन सुधारेल म्हणून जिप्समही कुणाच्या सांगण्यावरून टाकू नका. सोडियमचा त्रास असेल आणि निचरा चांगला असेल तरच त्याचा उपयोग. आधी कृषी विज्ञान केंद्रात माती-पाणी तपासून घ्या.

यंदा शेततळ्याचं पाणी बोअरच्या पाण्यात निम्मं मिसळतोय, आणि खालच्या बांधाला निचऱ्यासाठी चर काढलाय. मीटर आता घरात आहे, काही शेकड्यांत मिळतं.

त्या माणसाचा फोन लागत नाही. पण अशी माणसं उन्हाळ्यातच फिरतात, कालवा बंद असताना. तुमच्या वस्तीवर कुणी आला तर दोन्ही ग्लास तुम्ही भरा आणि मीटर तुमचं वापरा.