जुन्या परफॉर्मन्स गाडीचा एक्झॉस्ट: ३०४ की ४०९?

दोन्ही स्टेनलेस स्टीलचेच प्रकार. पण ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ४०९ मध्ये क्रोमियम जेमतेम ११ टक्के. म्हणून ४०९ वर तांबूस गंज लवकर दिसतो. तो बहुतेक वेळा वरवरचाच, घाबरू नका. खरा शत्रू आत असतो: छोट्या फेऱ्यांत मफलर (एक्झॉस्टचा आवाज दाबणारा डबा) पुरेसा तापत नाही, पाणी साचून राहतं आणि वेल्डिंगच्या कडेने पत्रा सडू लागतो. जुनी गाडी मधूनमधूनच बाहेर निघत असेल, तर माझं मत ठामपणे ३०४ ला. मात्र ते तापल्यावर जास्त प्रसरण पावतं. लवचीक जोड नसेल तर वेल्डिंगला तडे जाऊ शकतात. ४०९ स्वस्त पडतं. विकत घेताना लोहचुंबक लावून बघा, ४०९ ला तो घट्ट चिकटतो.