एक्सपल्स २१० की हिमालयन ४५०: आधी आडवी पडलेली गाडी उचलून बघा

माझी भाची मुलुंडला राहते. दिवाळीच्या आधीपासून तिचं एकच चाललं होतं: हिरोची एक्सपल्स २१० घेऊ की रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०? उंची पाच फूट तीन इंच, आणि आजवर चालवलेल्या गाड्या म्हणजे घरची स्कूटर आणि भावाची १५० सीसी बाइक. शोरूमची टेस्ट राइड एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत असते, त्यात मातीतली गाडी कळत नाही. म्हणून दोन मित्रांकडून दोन्ही गाड्या मागून घेतल्या आणि नोव्हेंबरातल्या एका रविवारी पहाटे मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या बाजूला गेलो. तिथे एका ओळखीच्या शेतकऱ्याचा माळ आहे. भात कापून झालेलं, पावसात ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या उन्हाने दगडासारख्या कडक झालेल्या, खाली ओढा आणि ओढ्यात गोटे. जागा मालकाला विचारून घेतलेली असावी. राखीव जंगलात किंवा समुद्राच्या वाळूत गाडी घालू नका, हे मी प्रत्येक नव्या माणसाला आधी सांगतो.

मुंबईकराला माती गाठायची तर आधी साठ-सत्तर किलोमीटर डांबर आणि काँक्रीट तुडवावं लागतं, त्यामुळे सुरुवात तिथूनच करतो. या भागात हिमालयन सरळ जिंकते. ४५२ सीसीचं इंजिन, ४० पीएस ताकद, ४० एनएम टॉर्क (म्हणजे ओढायचा जोर), सहा गिअर. ट्रकला ओलांडायचं मनात आलं की गाडी निघालेली असते. एक्सपल्सचे २४.६ पीएस ऐंशी-नव्वदपर्यंत छान वाटतात, त्यापुढे इंजिनाचा आवाज चढतो आणि अंगावर येणारा वारा जाणवायला लागतो. पण एक विचार करा. सी लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू, पुणे एक्स्प्रेस वे, समृद्धी महामार्ग, यातल्या एकाही रस्त्यावर दुचाकीला परवानगी नाही. आपल्या वाट्याला येतो तो घोडबंदर रोड, शीळफाटा, भिवंडी बायपास आणि कल्याणची कोंडी. तिथे ४० पीएस नुसते तापतात. दर शनिवार-रविवार कसारा ओलांडून नाशिकच्या पुढे जाणार असाल, वर्षातून एकदा लांबची ट्रिप ठरलेली असेल, तर ती ताकद कामाला येते. रोज मुलुंड ते अंधेरी ऑफिस गाठायचं असेल तर नाही.

खड्ड्यांच्या बाबतीत दोघी सारख्याच भल्या. दोघींचं पुढचं चाक २१ इंची. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं आणि दगडावर सहज चढतं, म्हणून मातीच्या गाड्यांना ते असतं. सस्पेन्शनचा प्रवास, म्हणजे चाक जितकं वर-खाली होऊ शकतं तेवढं अंतर, एक्सपल्सला पुढे २१० मिलिमीटर, मागे २०५. हिमालयनला दोन्हीकडे २००. घोडबंदरच्या पट्ट्यात हा फरक कुणालाही कळणार नाही.

आता सीट. कागदावर एक्सपल्सची उंची ८३० मिलिमीटर, हिमालयनची ८२५, ती ८४५ पर्यंत वाढवता येते आणि वेगळी लो सीट घेतली तर ८०५ पर्यंत खाली येते. हे आकडे वाचून भाचीने मनात हिमालयन पक्की केली होती. प्रत्यक्षात बसल्यावर उलटं झालं. हिमालयनची टाकी १७ लिटरची, अंग रुंद; मांड्या फाकतात आणि पाय तेवढाच वर राहतो. एक्सपल्स कमरेत बारीक आहे आणि बसल्यावर सस्पेन्शनही थोडं दबतं. "मामा, हिच्यावर एक पाय नीट टेकतोय," ती म्हणाली. नीट म्हणजे चवडा, टाच नाही. पण मातीत तेवढं पुरतं, कारण थांबताना कुठल्या बाजूला टेकायचं हे आधी ठरवायचं असतं. लो सीट लावलेली हिमालयन आमच्याकडे नव्हती. तुमची उंची कमी असेल तर शोरूममध्ये तीच मागून बसून बघा.

माळावर पहिला अर्धा तास तिला फक्त फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं केलं. गुडघ्यांनी टाकी धरायची, कोपरं बाहेर, नजर चाकाच्या पुढ्यात न ठेवता लांब. एक्सपल्सवर हे तिला दहा मिनिटांत जमलं. चाकोरीत पुढचं चाक अडकलं की ती हँडलशी झगडायची. सोडून दे म्हटलं, गाडी आपली आपण बाहेर येते, आणि आली. पहिला गिअर आखूड आहे, त्यामुळे माणसाच्या चालीने गाडी रांगते. खटकलेली गोष्ट अशी की जोर वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरत असतानाच, आहे. चढावर दुसऱ्यात राहिलात तर गाडी दमते, पहिला टाकावाच लागतो.

हिमालयनवर मी आधी बसलो आणि खरं सांगतो, मला ती फार आवडली. उभं राहून चालवताना तिचं वजन एकदम नाहीसं होतं. मुरमाच्या सरळ पट्ट्यावर पन्नासने गेलो तर गाडी खालचं सगळं गिळत गेली. पण वेग दहा-पंधराच्या खाली आला, वळणात अडकलात, की ते वजन परत येतं. अगदी खालच्या आरपीएमला इंजिन ठोके देतं, त्यामुळे क्लचवर सतत दोन बोटं लागतात. नव्या हाताला हेच जमत नाही. भाचीचंही तेच झालं. ओढ्याकडे उतरताना तिने क्लच सोडला, इंजिन बंद पडलं, पाय टेकायला गेली तिथे खड्डा, आणि गाडी डाव्या अंगावर आडवी.

लागलं काहीच नाही, कारण बूट, नी गार्ड, ग्लोव्हज सगळं अंगावर होतं. मी धावलो नाही, तिला एकटीला उचलू दिलं. आधी किल्ली बंद. गिअर पडलेला असू द्यायचा, म्हणजे गाडी घरंगळत नाही. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवायचं. मग गाडीकडे पाठ करून सीटला टेकून बसायचं, एका हातात हँडलची मूठ, दुसऱ्या हातात मागचा कॅरिअर, आणि कंबर न वापरता पायांनी मागे रेटत उठायचं. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधी बाहेर काढून ठेवायचा. तिने दोनदा जोर लावला. दुसऱ्या वेळी गाडी गुडघ्यापर्यंत आली आणि पुन्हा खाली गेली. शेवटी मी हात लावला. मग मुद्दाम एक्सपल्स गवतावर आडवी केली. ती तिने दुसऱ्या प्रयत्नात उभी केली, हात थरथरत होते पण केली.

हिमालयन १९६ किलो, एक्सपल्स साधारण १७०. तांदळाच्या पंचवीस किलोंच्या एका गोणीएवढा फरक. मातीत गाडी पडणारच, शिकताना दिवसातून तीन-चार वेळा पडते. एकटीला उचलता येत नसेल तर बाई असो की बाप्या, तो माणूस एकट्याने आडवाटेला जात नाही, आणि मग गाडी डांबरावरच राहते. माझ्या मते निवड इथेच होते, बाकीचे आकडे नंतर.

ब्रेकचं थोडक्यात. हिमालयनचा मागचा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) बंद करता येतो, एक्सपल्समध्ये एबीएसचे वेगळे मोड आहेत. सुट्या खडीच्या उतारावर एबीएस ब्रेक पुन्हा पुन्हा सोडतो आणि गाडी थांबायच्या ऐवजी सरकत राहते, म्हणून ही सोय. डांबरावर परत आलात की आठवणीने चालू करा.

पैशांचं गणित मात्र नीट समजून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के झाला. या दोन गाड्या त्या रेषेच्या दोन बाजूंना आहेत, त्यामुळे आज हिमालयन जवळपास दुप्पट किमतीला पडते. उरलेल्या पैशांतून चांगलं हेल्मेट, घोट्यावर येणारे बूट, नी गार्ड आणि बॅश प्लेट (इंजिनाखाली लावायचा संरक्षक पत्रा) येते, वर पुढच्या दोन-तीन वर्षांचं पेट्रोलही निघतं. टाकी एक्सपल्सची १३ लिटरची, पण ती कमी पिते, त्यामुळे एका टाकीत दोघी साधारण सारख्याच लांब जातात.

तुमचं वजन-उंची बरी असेल, सोबत नेहमी दोघं-चौघं असतील, मागे कुणी बसणार असेल आणि स्पिती-लडाखचं डोक्यात असेल, तर हिमालयन घ्या, पश्चात्ताप होणार नाही. पहिलीच मातीची गाडी असेल, रोज मुंबईत चालवायची असेल आणि रविवारी एकट्याने निघावंसं वाटत असेल, तर एक्सपल्स.

भाचीने एक्सपल्स बुक केलीय. पहिली सर्व्हिस होईपर्यंत इंजिन ताणायचं नाही असं बजावलंय. त्यानंतरच्या रविवारी पुन्हा तोच माळ. तो ओढा तिला अजून ओलांडायचाय.