सीमधलं विजेट पायथॉनला देताना: एक्स्टेन्शन मॉड्यूल की इंट्रोस्पेक्शन?

जीटीके या विंडो-बटणं बनवणाऱ्या लायब्ररीचं विजेट (विंडोतला एखादा घटक) सीमध्ये आणि बाकीचा पसारा पायथॉनमध्ये, अशी वाटणी असेल तर जोडणीचे दोन मार्ग आहेत. पायजीऑब्जेक्टची (पायथॉनला जीटीकेशी जोडणाऱ्या लायब्ररीची) हेडर फाइल घेऊन स्वतः एक्स्टेन्शन मॉड्यूल, म्हणजे पायथॉनमध्ये इम्पोर्ट होणारं सीचं मॉड्यूल, लिहायचं, किंवा विजेटला रीतसर जीऑब्जेक्टचा (जीटीकेच्या बुडाशी असलेल्या ऑब्जेक्ट पद्धतीचा) क्लास करून, कॉमेंटमध्ये अ‍ॅनोटेशन देऊन टाइपलिब, म्हणजे लायब्ररीत काय काय आहे हे सांगणारी फाइल, बनवायची; हाच इंट्रोस्पेक्शनचा मार्ग. आलेख काढणाऱ्या एका विजेटसाठी मी दोन्ही करून पाहिलं.

एक्स्टेन्शनची सुरुवात फार सोपी वाटते. पायजीऑब्जेक्ट_न्यू या फंक्शनला पॉइंटर दिला की पायथॉनचा ऑब्जेक्ट मिळतो, पायजीऑब्जेक्ट_गेट उलट काम करतं. माझं पहिलं विजेट एका संध्याकाळी विंडोत दिसू लागलं होतं.

मला छळलं ते रेफरन्स मोजण्याने. ऑब्जेक्टला किती जण धरून आहेत त्याचा काउंट ठेवलेला असतो, तो शून्य झाला की ऑब्जेक्ट नष्ट होतो. माझं एक फंक्शन दर रिफ्रेशला नवा लिस्टस्टोअर (यादीतला डेटा ठेवणारा ऑब्जेक्ट) बनवून पायथॉनला द्यायचं आणि मेमरी वाढतच जायची. कारण कळलं ते असं: लिस्टस्टोअर तयार होतो तेव्हाच त्याचा काउंट १ असतो, पायजीऑब्जेक्ट_न्यू स्वतःचा एक वाढवतं, म्हणजे २. पायथॉनने सोडला तरी १ उरतोच. मग रॅपर (सीच्या ऑब्जेक्टभोवतीचा पायथॉनचा ऑब्जेक्ट) बनवल्यावर अनरेफची, म्हणजे काउंट एकने कमी करणारी, एक ओळ घातली आणि गळती थांबली. तीच ओळ मी विजेट देणाऱ्या फंक्शनमध्येही घातली, आणि प्रोग्रॅम कोसळायला लागला. नवं विजेट फ्लोटिंग रेफरन्स, म्हणजे अजून कोणाच्याच मालकीचा नसलेला रेफरन्स, घेऊन येतं. पायजीऑब्जेक्ट_न्यू तोच रेफरन्स स्वतःकडे घेतं, काउंट १ वरच राहतो आणि माझ्या अनरेफने तो शून्य होतो. पायथॉनच्या हातात रॅपर, आत मेलेलं विजेट. कधी नुसता क्रिटिकल इशारा यायचा, कधी सरळ सेगमेंटेशन फॉल्ट, आणि तोही भलत्याच ओळीवर. एकच ओळ एका ऑब्जेक्टला हवीच आणि दुसऱ्याला घातक, हे प्रत्येक फंक्शनमध्ये लक्षात ठेवणं मला तरी जमलं नाही.

इंट्रोस्पेक्शनमध्ये हा हिशेब पायजीऑब्जेक्ट करतं. लिस्टस्टोअर देणाऱ्या फंक्शनवर ‘ट्रान्सफर फुल’ (मालकी घेणाऱ्याकडे जाते) असं अ‍ॅनोटेशन लिहायचं, एवढंच आपलं काम. अ‍ॅनोटेशन चुकलं तर इथेही गळती होतेच, पण निदान चूक फंक्शनच्या डोक्यावरच लिहिलेली सापडते. शिवाय पायथॉनची आवृत्ती ३.११ वरून ३.१२ झाली की एक्स्टेन्शन पुन्हा कंपाइल करावं लागतं. माझ्या लायब्ररीला आणि टाइपलिबला हात लावावा लागला नाही.

त्रास इथेही आहे. बिल्ड स्क्रिप्ट लांबते, टाइपलिबचा पाथ विसरला की इम्पोर्ट होत नाही, कितीही आर्ग्युमेंट घेणारी फंक्शन्स पायथॉनला दिसतच नाहीत. प्रत्येक कॉलही थोडा जड असावा. आलेखाचे बिंदू एकेक करून पाठवताना मला ते जाणवलं. लूप सीमध्ये नेला आणि सगळे बिंदू एका अ‍ॅरेत दिले, मग फरक कळेनासा झाला.

मुख्य प्रोग्रॅम सीचा असेल, पायथॉन आत बसवलेला असेल आणि प्लगइनच्या हाती एखादी तयार विंडो द्यायची असेल, तर बहुधा एक्स्टेन्शनवालं हेडरच बरं पडेल. तिथे फंक्शन्स दोन-तीनच असतात, म्हणजे कोणता ऑब्जेक्ट फ्लोटिंग आहे ते प्रत्येक ठिकाणी तपासून घेता येतं.